धुरीघराची माती

सरकारी मीठ वाटायला पिंपापाशी बाल्झर बसलाय हे बघून फ्रेनीच्या जिवाला बरं वाटलं. बाल्झर म्हणजे शेजारी. दोघांच्या शेतांमध्ये एक ओढा काय तो आडवा. गेली बारा वर्षं दोन्ही घरची डुकरं एकाच कढईतल्या पाण्यानं भादरली होती आणि दरवर्षी सुरी बाल्झरच्याच हातात असायची. असा माणूस आपल्याला रिकामं कशाला परत पाठवील, असं तिला वाटत होतं.

तिचा नवरा उलरिक रांगेत पुढं होता. ती त्याच्या मागं कोरं पोतं घेऊन उभी होती. दुकानाबाहेर चिखल गोठून दगड झाला होता आणि रांगेतली माणसं बूट आपटत होती. राजाविरुद्धच्या लढाईत फिलाडेल्फिया सोडून इंग्रजांची पलटण गेली, त्या वर्षीचा हा नोव्हेंबर. पलटण गेली तरी समुद्रावर इंग्रजांची जहाजं होतीच, आणि मीठ यायचं ते समुद्राकडूनच.

"पुढं ये, उली," बाल्झर म्हणाला. "चिठ्ठी?"

"तुला ठावं हाय."

"मला ठावं असून काय उपेग? मीठ चिठ्ठीवर मिळतं. माणशी पाच पौंड. शपतेची चिठ्ठी हाय का?"

"न्हाई."

"मंग बाजूला सर."

मागून कुणीतरी हसलं. "दाढीवाल्यांना मीठ कशाला पायजे? बादलीभर रडा म्हणावं, आन तेच पाणी आटवा."

"राजाकडं मागा की," दुसरा म्हणाला. "समुद्र त्याचाच हाय."

उलरिक हलला नाही. फ्रेनीला त्याची मान तेवढी दिसत होती. ती कॉलरपाशी लाल झाली होती. त्यांच्या आमिश मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती पंथात, पुरुष दाढी राखत आणि कोटाला गुंडी लावत नसत, आकडे लावत, आणि गावची टवाळ पोरं येता-जाता ते आकडे ओढून बघत. आत्ताही एकानं मागून हात घालून ओढून बघितलाच.

बाल्झर वाकून हळू बोलला. "उली, आता राजाबिजा कोण न्हाई. आता आपलं राज्य हाय. तुजं, माजं, समद्यांचं."

"माजं बी?"

"तुजं बी."

"मंग माज्या राज्यातलं मला मीठ दे."

रांग खदखदून हसली. बाल्झरला मात्र हसू आलं नाही. त्याचा थोरला मुलगा लेनर्ट लढाईच्या पहिल्याच वर्षी पडला होता आणि घरी आली होती ती त्याची टोपी. "लेनर्टनं जीव दिला," तो म्हणाला. "तुला नुसता हात वर करायचा हाय. खांद्यापतुर. तेवढं बी जमत न्हाई तुला. चल, सर बाजूला."

फ्रेनीनं कोरं पोतं तसंच घडी करून काखेत मारलं. दोघं गाडीत बसून घरी आली.

कायदा नवा होता आणि तो सरळ होता. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषानं बायबलवर एक हात ठेवून, दुसरा वर करून राजाला सोडल्याचं आणि नव्या सरकारशी इमान राखीन असं शपथेवर सांगायचं. सांगितलं की चिठ्ठी. नाही सांगितलं तर मीठ नाही, गिरणीत दळण नाही, लोहाराकडे नाल नाही. आणि आमिश मंडळींचा कायदा जुना होता, तोही तितकाच सरळ होता. शपथ घ्यायची नाही. 'हो' म्हणजे हो आणि 'नाही' म्हणजे नाही, त्याच्यावर काही चढवायचं नाही. जो शपथ घेईल तो मंडळीबाहेर. मग त्याच्या ताटाला ताट नाही, त्याच्या हातचं घेणं नाही. उलरिकला इकडे आड होता आणि तिकडे विहीर.

आणि घरात सासरा होता. ख्रिस्टलबाबा सत्तर पार केलेला, दोन्ही गुडघ्यांतून गेलेला, पण बोलण्यात मऊपणा म्हणून नाही.

"मी जहाजातनं उतरलो तवा," जेवताना तो म्हणाला, "राजाच्या माणसाच्या हातात हात देऊन बोललो व्हतो. इमानानं राहीन म्हणून. त्यो राजा चांगला का वाईट, ह्ये मी म्हटलंच न्हवतं."

"त्याला चाळीस वर्सं झाली, बाबा," फ्रेनी म्हणाली.

"शब्दाला काय गंज चढतोय?"

"पर त्यो शब्द तुमचा. डुकरं आमची."

उलरिकनं तिच्याकडे बघितलं. म्हातारा चमचा खाली न ठेवता म्हणाला, "लढाई संपू दे. देव ज्याला गादी दील त्याचं आमी गुमान ऐकू. तवर एकाला दिलेला शब्द दुसऱ्याला द्यायचा न्हाई. बाई दोन नवरे करती का?"

सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, हे फ्रेनीला लग्न होऊन आल्या वर्षीच कळलं होतं. ती उठून चुलीकडे गेली.

डुकरं दोन होती आणि ती थांबणार नव्हती. जंगलातली ओकची फळं संपली होती. आता ती दिवसाला जेवढा मका खात होती, तेवढा घरातल्या सहा माणसांना चार दिवस पुरला असता. गिरणी बंद म्हणून तोही मका ती आणि थोरली मुलगी साल्मे पोखरलेल्या बुंध्यात मुसळानं कुटत. साल्मे तेराची होती. तिच्या पाठची दोघं अजून लहान होती, मुसळ उचलायच्या कामाची नव्हती. डुकरं कापावीत तर मिठाशिवाय मांस आठ दिवसांत सडणार. न कापावीत तर तीच घरादाराला खाऊन हिवाळ्यात मरणार. मांस नसेल तर मार्चपर्यंत मुलांना काय घालायचं, हा प्रश्न फ्रेनी रोज अंथरुणातून उठतानाच घेऊन उठत होती.

तोड निघाली ती गाईमुळे. एका सकाळी गाय दावं तोडून गेली. फ्रेनी शोधायला गेली तर ती धुरीघराच्या, म्हणजे मांस टांगून धुरी द्यायच्या खोपटाच्या, दारात उभी. ते तर रिकामं होतं. आत खायला काडी नव्हती. फ्रेनीनं बघितलं तर गाय मान घालून जमीन चाटत होती. तिला हुसकलं तरी ती हलेना, जीभ बाहेर काढून माती चाटतच राहिली. जनावरालाही मिठाची ओढ लागली होती.

फ्रेनी खाली बसली. तिनं उंबऱ्याआतली काळी माती चिमूटभर उचलली आणि जिभेवर ठेवली. मग ती तशीच धावत खळ्यात गेली.

"उली, फावडं घे," ती म्हणाली. "आपल्या धुरीघरात मीठ हाय."

"कुणी ठेवलं?"

"आपणच ठेवलं. चौदा वर्सं आपलं मांस तितं टांगलं, चौदा वर्सं त्याचं खारं पाणी खाली गळलं. गेलं कुटं ते? मातीतच हाय की."

उलरिकनं माती चाखली, थुंकली आणि फावडं आणायला गेला.

हा दात कोरून पोट भरायचा धंदा होता, हे दोघांनाही कळत होतं. पण दुसरं काही नव्हतं. दीड हात खोल माती खणून काढली. एका पिंपाच्या बुडाला भोकं पाडली, आत पेंढा घातला, त्यावर माती भरली आणि वरून कढत पाणी सोडलं. खालून कॉफीसारखं काळं पाणी ठिबकायला लागलं. ते पुन्हा वर ओतायचं, पुन्हा ठिबकू द्यायचं. तिसऱ्या वेळी परीक्षेला सोडलेलं अंडं त्यात तरंगलं, म्हणजे पाणी पुरेसं खारं झालं, तेव्हा ते कढईत घातलं. खाली ओकची लाकडं लावली. वर खवट चरबीचा फेस यायचा, तो साल्मे पळीनं काढून फेकायची. त्या वासानं धाकटी दोघं नाक धरून पळाली.

पाच दिवस हेच चाललं. फ्रेनीच्या हातांना थंडीनं भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांत खारं पाणी गेलं की तिच्या तोंडून आवाज निघायचा. ख्रिस्टलबाबा बाकावर बसून जाळ सारत होता. त्यानं कामाला नावं ठेवली नाहीत, कौतुकही केलं नाही. पाचव्या दिवशी कढईच्या बुडाशी जे उरलं ते तपकिरी होतं, कडसर होतं, धुराचा वास मारत होतं. उलरिकनं तराजूला लावलं. एकोणीस पौंड.

"पुरंल?" फ्रेनीनं विचारलं.

"काटकसरीनं. वर धुरी जास्त द्यायची."

फ्रेनीला इतका आनंद झाला की तिनं भर अंगणात नवऱ्याचा हात धरला. म्हाताऱ्यानं तोंड दुसरीकडे केलं.

कापायच्या दिवशी थंडी नेमकी हवी तशी पडली. फक्त बाल्झर नव्हता. दरवर्षी तो पहाटेच यायचा. डुकराशी दोन शब्द बोलायचा, त्याच्या कानामागं खाजवायचा, आणि त्या मुक्या जिवाला काही समजायच्या आत सुरी जिथं जायची तिथं गेलेली असायची. या वर्षी सुरी उलरिकच्या हातात होती आणि त्याला तिची सवय नव्हती. पहिला वार चुकला. डुक्कर मानेत सुरी घेऊनच उठलं आणि किंचाळत अंगणभर पळालं. उलरिक त्याच्या मागं, त्याच्या मागं काठी टेकत म्हातारा. शेवटी फ्रेनीनं परसाच्या कोपऱ्यात त्याला गाठलं, त्याच्या पाठीवर आडवी पडली आणि उलरिक येईपर्यंत त्याचे कान धरून राहिली. रक्त तिच्या टोपीपर्यंत उडालं.

तिनं मान वर केली तर ओढ्यापलीकडे कुंपणाशी बाल्झर उभा होता. तो सगळं बघत होता. उलरिकनं दुसऱ्यांदा सुरी लावली तेव्हा बाल्झरचा उजवा हात जागच्या जागी हलला, जरा खाली, जरा आत. मग तो वळून घरात गेला.

संध्याकाळी दोन्ही डुकरांचं मांस मिठात बसलं. आतडी धुऊन सॉसेज भरून झाले. आणि मग फ्रेनीनं झाकणाची परात काढली.

"आता ती कशाला?" उलरिकनं विचारलं.

"वाटा न्यायला. कुनीकडं."

कुनी म्हणजे बाल्झरची बायको. या खोऱ्यात रीत अशी होती की ज्याच्या कानावर डुकराची किंकाळी गेली, त्याच्या घरी वाटा गेलाच पाहिजे. दोन सॉसेज, बरगडीचा तुकडा, थोडी कलेजी. वैर असो, खटला असो, वाटा चुकत नसे. वाटा न पाठवणारं घर म्हणजे कुत्र्याच्याही खालचं.

"त्यानं आपल्याला मूठभर मीठ दिलं न्हाई," उलरिक म्हणाला.

"ते त्याचं त्याच्यापाशी. आपण कापलं ते त्यानं ऐकलंय आन बघितलंय. उद्या लोक म्हणतील, फ्रेनीनं तोंड लपवलं."

"न्हेऊ दे," म्हातारा बाकावरून म्हणाला. "रीत हाय."

या एका बाबतीत सासऱ्याचं आणि सुनेचं एकमत झालं आणि तेच नडलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

कुनीनं दार उघडलं आणि परात बघितली. मग तिनं फ्रेनीला आत ओढलं. "मला वाटलं, या वर्षी न्हाई येणार तू."

"का न्हाई येणार? तुजे कान काय बंद व्हते?"

"कान कसले, तुज्या डुकरानं तर पार रेडिंग गावापतुर ऐकवलं," कुनी म्हणाली आणि दोघी हसल्या. किती महिन्यांनी हसल्या. हसता हसता कुनीनं सॉसेजचं टोक मोडून तोंडात टाकलं, तेही दरवर्षीसारखंच. चावता चावता तिचं हसू थांबलं.

"मीठ हाय गं यात," ती म्हणाली.

"मंग? अळणी करू?"

"बक्कळ हाय, फ्रेनी." कुनीनं दाराकडे बघितलं. "गेल्या आठवड्यात रेडिंगच्या वाटेवर सरकारी गाडीतनं दोन पोती मीठ चोरलंय. आमचा घरधनी सगळीकडं तपास करत फिरतोय."

"आमी मातीतनं काढलं. धुरीघराच्या मातीतनं. साल्मेला इचार."

"मी इचारत न्हाई. मी कुटं इचारलं?" कुनी म्हणाली. तिनं परात धुतली, पुसली आणि परत दिली. फ्रेनी रिकामी परात घेऊन ओढा ओलांडून घरी आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते आले. बाल्झर, बंदुका घेतलेले दोन शिपाई आणि घोड्यावर रेडिंगचा एक अंमलदार, पडशाचं लाल नाक रुमालानं पुसणारा. अंमलदारानं मांसाच्या पिंपाचं झाकण उघडायला लावलं, आत बोट बुडवलं आणि चाटलं.

"हे कुठून आणलं?"

उलरिकनं सांगितलं. धुरीघरात नेऊन खणलेला खड्डा दाखवला. धुऊन टाकलेल्या मातीचा ढीग दाखवला. शिपाई एकमेकांकडे बघून हसले.

"खड्डा कसला दाखवतोस?" अंमलदार म्हणाला. "चोरलेली पोती पुरायलाही खड्डाच खणतात."

"आमी चोरलं न्हाई."

"मग तसं शपथेवर सांग." अंमलदारानं खिशातून लहानसं बायबल काढलं. "मीठ मातीतून काढलं, चोरलं नाही, इंग्रजांकडून घेतलं नाही. हात ठेव आणि म्हण. मी लिहून घेतो आणि जातो."

उलरिकनं पुस्तकाकडे बघितलं, हात उचलला नाही.

"मी सांगतोय ते खरं हाय," तो म्हणाला.

"खरं असेल तर शपथ घ्यायला काय जातं?"

"खरं हाय, म्हणूनच शपत लागत न्हाई."

"उली," बाल्झर पुढं आला. "ही सरकारची शपत न्हवं. राजाचं नाव न्हाई, कशाचं न्हाई. आपल्या मिठाची हाय. घे आन मोकळा हो. मला तुला न्यायला लावू नकोस."

"साधं कबूल करतो मी. हो म्हंजी हो."

"ज्यानं सरकार मानलं नाही, त्याचं साधं हो सरकार मानत नाही," अंमलदार म्हणाला. "मांस जप्त. आणि हा रेडिंगच्या तुरुंगात. बांधा."

रेडिंगचा तुरुंग फ्रेनीला ठाऊक होता. गेल्या हिवाळ्यात तिचा मावसभाऊ तिथं आठ आठवडे होता. त्याला घोंगडीत गुंडाळून गाडीतून आणला आणि ईस्टरच्या आधी पुरला. एक शिपाई दोर सोडत होता. दुसऱ्यानं पिंप आडवं करायला हात घातला. साल्मे दारात धाकट्यांना पोटाशी धरून उभी होती. आणि उलरिक हात पुढं करून उभा होता, बांधून घ्यायला, इतका गरीब होऊन की फ्रेनीला भयंकर राग आला. कुणाचा राग ते तिला सांगता आलं नसतं. सगळ्यांचाच.

"माजी घ्या," ती म्हणाली.

अंमलदारानं रुमाल खाली घेतला. "काय?"

"मी शपत घेते. माती मी खणली, पाणी मी आटवलं. चालंल का बाईची?"

"फ्रेनी," उलरिक म्हणाला. "नको."

अंमलदारानं क्षणभर विचार केला. "कायद्यात बायकांचं नावच नाही. बायकांना कुणी शपथ विचारलीच नाही, म्हणजे हिनं ती नाकारलीही नाही. चालेल. हात ठेव."

"सूनबाई!" ख्रिस्टलबाबा ओरडला. लग्न होऊन आल्यापासून त्यानं तिला कधी आवाज चढवून हाक मारली नव्हती.

तिनं पुस्तकावर हात ठेवला. तिच्या बोटांच्या भेगांतून रक्त आलं होतं, ते पुस्तकाच्या चामड्याला लागेल म्हणून तिनं आधी एप्रनला हात पुसला. अंमलदार इंग्रजीत सांगत गेला, बाल्झर तेच खोऱ्यातल्या बोलीत, आणि ती मागून म्हणत गेली. मीठ मातीतलं आहे. चोरीचं नाही. देव मला साक्ष आहे. एवढ्याला श्वास चार लागले असतील. शिपायानं दोर गुंडाळला. पिंप उभं राहिलं.

घोडा निघाला तसा बाल्झर मागं रेंगाळला. तिला काहीतरी चांगलं म्हणावं असं त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण त्याला जमलं नाही, आणि तो उलरिकला म्हणाला, "नशीबवान हायस. घरात एक तरी गडी हाय." उलरिकनं मान खाली घातली. त्या टोमण्यानं फ्रेनीला जितकं लागलं तितकं रांगेतल्या सगळ्या हसण्यानं लागलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी म्हाताऱ्यानं काठी घेतली. बाहेर घोट्याएवढं बर्फ होतं. मंडळीचा पाळक योस्ट याचं घर दोन मैलांवर होतं.

"बाबा, तुमचे गुडघे," फ्रेनी म्हणाली.

"मी गेलो न्हाई तर लपवल्यागत हुईल."

"मी स्वतः सांगणार व्हते. रविवारी."

"मंग मी आजच सांगतो," म्हातारा म्हणाला आणि बर्फात उतरला. त्याला वाटेत पडू दे, असं एकदा तिच्या मनात आलं. मग तिनंच साल्मेला त्याच्या मागं धाडलं.

त्या रविवारी प्रार्थना योस्टच्याच घरी होती. प्रार्थना झाल्यावर मुलांना आणि परक्यांना बाहेर काढलं. बाकांवर एका बाजूला पुरुष राहिले, दुसऱ्या बाजूला बायका, आणि मध्ये जमिनीवर गुडघे टेकून फ्रेनी. योस्ट म्हातारा आणि मायाळू माणूस होता. तिचं लग्न त्यानंच लावलं होतं. त्याचे डोळे आधीच भरले होते.

"फ्रेनीबाई, चुकलं म्हण," तो म्हणाला. "दोन शब्द. आमी आत्ता हात देऊन तुला उठवतो, आन घरी जाऊन जेवतो."

"शपत घेतली ह्ये चुकलं म्हणू, का नवरा तुरुंगात गेला न्हाई ह्ये चुकलं म्हणू?"

"शपत घेतली, तेवढं."

फ्रेनीनं खरोखर प्रयत्न केला. तिनं मनात शोधलं. तिला भीती सापडली, थकवा सापडला, साल्मेचं दारातलं तोंड सापडलं. पश्चात्ताप सापडला नाही. उद्या पुन्हा तेच अंगण आणि तोच दोर असता तर तिनं पुन्हा हात ठेवला असता.

"मला तसं वाटत न्हाई," ती म्हणाली. "वाटत नसताना म्हटलं तर ते खोटं हुईल. खोटं बोलू नको ह्ये तुमीच शिकवलंय, योस्टमामा."

योस्टनं डोळे मिटले. कुणीतरी बायकांत हुंदका दिला. मग रीतीप्रमाणे, हिला मंडळीबाहेर घालायचं का, असं एकेका पुरुषाला विचारत गेले. प्रत्येकानं 'हो' म्हणायचं, नाहीतर कारण सांगायचं. ख्रिस्टलबाबानं हो म्हटलं. मग पाळी उलरिकची आली. फ्रेनी त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या बुटांकडे बघत होती. ते बूट तिनंच सकाळी चरबी लावून पुसले होते.

"हो," उलरिक म्हणाला.

परत येताना गाडीत ती मागं मुलांबरोबर बसली. घरी आल्याआल्या उलरिक खळ्यात गेला आणि करवत घेऊन आला.

घरातलं जेवणाचं टेबल लांब होतं, एकाच अक्रोडी फळीचं, उलरिकनं लग्नाच्या वर्षी केलेलं. बाहेर घातलेल्या माणसाबरोबर एका फळीवर जेवायचं नाही असा नियम. उलरिकनं फ्रेनी बसायची त्या टोकाशी हातभर अंतर मोजलं, कोळशानं रेघ मारली आणि करवत लावली. फळी जुनी आणि कठीण होती. तो कोट काढून, ओठ चावून कापत राहिला. त्याचे डोळे वाहत होते आणि त्यानं ते पुसले नाहीत. भुसा फ्रेनीनं घासलेल्या जमिनीवर पडत होता.

"बा, टेबल का कापताय?" धाकट्यानं विचारलं.

तुकडा सुटला. उलरिकनं त्याला खालून पाय ठोकले आणि मोठ्या टेबलापासून दोन बोटं सोडून तो उभा केला. जास्त नाही, दोनच बोटं. मग त्यानं झाडू घेऊन भुसाही स्वतःच झाडला.

फ्रेनीनं मांस तळलं. तपकिरी मिठाचं, धुराच्या वासाचं, बाहेरून करपलेलं. तिनं ताट मोठ्या टेबलावर ठेवलं आणि हात मागं घेतला. तिचा हात पुरता मागं गेल्यावर उलरिकनं ते ओढून घेतलं. ख्रिस्टलबाबानं आपल्यासाठी पाव घेतला, शपथेनं वाचलेलं मांस घेतलं नाही.

फ्रेनी आपल्या तुकड्याशी बसली. त्यावर तिची थाळी आणि पेला एवढंच मावत होतं. मग बाक सरकल्याचा आवाज झाला. धाकटा आपली थाळी घेऊन आला. त्याच्या मागं मधली मुलगी. मुलांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, ती अजून मंडळीत नव्हती, त्यांना हा नियम लागू नव्हता, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना आईजवळ बसायचं होतं. शेवटी साल्मेही उठली. हातभर फळीवर चार थाळ्या एकमेकींवर चढल्या, कोपरं कोपरांना लागली, पेला सांडला आणि धाकटा हसला. पलीकडे लांब टेबलावर उलरिक आणि त्याचा बाप दोघंच, मध्ये सगळी फळी मोकळी. उलरिक आपल्या रोजच्या जागी बसला नव्हता. तो कापलेल्या कडेपाशी येऊन बसला होता आणि थाळीकडे बघत जेवत होता.

"आई," साल्मेनं हळूच विचारलं, "बाप्तिस्मा झाला की मला बी तिकडं बसावं लागंल?"

फ्रेनीला नाही म्हणता आलं असतं. शेजारी उलरिकचं चावणं थांबलं होतं.

"व्हय," ती म्हणाली.

"कवा?"

"सोळा पुरी झाली की."

साल्मेनं बोटांवर मोजलं. मग तिनं थाळी पुढं केली आणि फ्रेनीनं तिला सगळ्यात मोठा तुकडा वाढला. आईच्या हातून घ्यायला तिला अजून तीन वर्षं मुभा होती.